वाचकांचे प्रश्न : वकील बटलर आणि जनरल बटलर

गेल्या अंकात अमेरिकेतल्या यादवी युद्धावर, म्हणजे फुटून निघालेली दक्षिणेकडची गुलामगिरीवाली राज्यं आणि केंद्र सरकार यांच्यातल्या युद्धावर, एक टिपण आलं होतं. त्यात बेंजामिन बटलर (१८१८–१८९३) या वकील, पुढारी आणि सेनापती असलेल्या माणसाचा ओझरता उल्लेख होता. पळून आलेल्या तीन गुलामांना ‘युद्धात जप्त केलेला माल’ ठरवून त्यानं परत करायचं नाकारलं, एवढाच. त्यावर सातारा-सांगलीकडून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

माणसांना ‘माल’ म्हणणं म्हणजे गुलामगिरीचीच भाषा बोलणं झालं. मग त्याचं कौतुक कशासाठी? — एक विद्यार्थिनी, कराड

आक्षेप रास्त आहे. पण आधी घटना नीट पाहू. व्हर्जिनियाच्या मतदारांनी संघराज्यातून फुटून निघायचा कौल दिला तो २३ मे १८६१ रोजी. त्याच रात्री फ्रँक बेकर, जेम्स टाऊनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तिघे होडीतून फोर्ट मन्रोच्या किल्ल्यावर आले. किल्ला केंद्र सरकारच्या ताब्यात होता आणि बटलर आदल्याच दिवशी तिथे रुजू झाला होता. तिघे चार्ल्स मॅलरी नावाच्या बंडखोर कर्नलच्या मालकीचे. समोरच्या सुएल्स पॉइंटवर तोफांचा मोर्चा बांधायच्या कामावर त्यांना जुंपलं होतं. आता कर्नल आपल्याला आणखी दक्षिणेकडे, बायकापोरांपासून लांब नेणार हे कळल्यावर ते निसटले.

दुसऱ्या दिवशी बंडखोरांचा मेजर जॉन केरी पांढरं निशाण घेऊन आला आणि माणसं परत मागू लागला. त्याचा आधार होता १८५० चा पळालेल्या गुलामांबाबतचा कायदा: पळालेला गुलाम सापडला की मालकाच्या स्वाधीन करायचा. बटलरनं उत्तर दिलं की हा कायदा परदेशाला लागू होत नाही, आणि व्हर्जिनिया स्वतःला परदेश म्हणवते. केरीनं प्रतिवाद केला की तुमच्या मते तर आम्हाला फुटताच येत नाही, म्हणजे कायदा लागू आहेच. बटलर म्हणाला, पण तुम्ही फुटलो म्हणता ना? मग तुम्हाला त्या कायद्याचा आधार घेता येणार नाही. कर्नलनं इथे यावं, संघराज्याशी एकनिष्ठ राहायची शपथ घ्यावी आणि माणसं घेऊन जावीत. तोवर ती जप्त, कारण तुम्ही त्यांच्याकडून आमच्याविरुद्ध तोफांचे मोर्चे बांधून घेताय.

यातला पेच लक्षात घ्या. गुलाम ही मालमत्ता आहे हे दक्षिणेचंच म्हणणं होतं. बटलरनं ते खोडलं नाही, उलट मान्य करून टाकलं. शत्रूची लढाईच्या कामाला लावलेली मालमत्ता जप्त करायचा अधिकार सेनापतीला असतोच. मालकानं दावा सोडायचा तर गुलामगिरीचा पायाच सोडावा लागतो, दावा चालवायचा तर जप्ती मान्य करावी लागते. प्रतिपक्षाच्याच कैफियतीवर त्याला बांधून ठेवायचं, ही बटलरची आयुष्यभराची पद्धत. ती जिथे लागू पडली तिथे तो जिंकला. रणांगणावर ती लागू पडत नाही, तिथे तो हरला.

या युक्तिवादाच्या उणिवाही बघा. युद्धातल्या निषिद्ध मालाचा नियम मुळात समुद्रावरच्या तटस्थ व्यापाऱ्यांच्या मालासाठी होता. जमिनीवर तो ओढूनताणून आणला होता. दुसरं, मोर्चे बांधणारे पुरुष ‘युद्धाच्या कामाचे’ ठरले, पण त्यांच्या मागोमाग आलेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं यांचं काय? तिसरं, संघराज्यात राहिलेल्या मेरीलँडसारख्या राज्यातल्या मालकाचा गुलाम पळून आला तर ही पळवाट चालतच नव्हती.

दुसरी अडचण तर तीन दिवसांत समोर उभी राहिली. २७ मेच्या पत्रात बटलर वरिष्ठांना लिहितो की आता बायकामुलांसकट कुटुंबं येताहेत. त्यानं व्यवस्था लावली ती हिशेबाची: सर्वांना शिधा द्यायचा, धडधाकट माणसांना कामाला लावायचं, काम न करणाऱ्यांचा खर्च त्यांच्या श्रमातून वळता करायचा, आणि या सगळ्याची चोख नोंद ठेवायची. ३० जुलैच्या पत्रात तो आकडा देतो. एकूण ९००: धडधाकट पुरुष ३००, कष्टाच्या पलीकडे गेलेले ३०, स्त्रिया १७५, दहा वर्षांखालची मुलं २२५, दहा ते अठरा वयाची १७०. आणि त्याच पत्रात सरळ विचारतो, ही माणसं गुलाम आहेत की स्वतंत्र? जप्तीच्या युक्तिवादात बसेनात अशी ६०० माणसं समोर असल्यावर वकिलाला हा प्रश्न विचारावाच लागला.

६ ऑगस्ट १८६१ ला काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, जप्तीचा पहिला कायदा केला, पण तो बंडखोरांच्या लष्करी कामाला लावलेल्या गुलामांपुरता. मार्च १८६२ मध्ये सैन्यानं कोणालाही पकडून परत देऊ नये असा नियम झाला. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. आमचं मत असं की कौतुकाचा पहिला मान होडी वल्हवत आलेल्या तिघांचा. शत्रूच्या किल्ल्यात नव्हे, सरकारच्या किल्ल्यात जायचं हे त्यांनी ठरवलं. बटलरनं त्यांना दारात टिकवायला आधार शोधला.

म्हणजे बटलर आधीपासून गुलामगिरीविरोधी होता? — विटा

नाही. तो डेमोक्रॅटिक पक्षाचा. १८६० च्या चार्ल्सटनच्या अधिवेशनात त्यानं राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी फेरीमागून फेरी जेफरसन डेव्हिसला मत दिलं, एकूण ५७ वेळा. हाच डेव्हिस पुढे बंडखोरांचा राष्ट्राध्यक्ष झाला. एप्रिल १८६१ मध्ये, म्हणजे फोर्ट मन्रोच्या महिनाभर आधी, मेरीलँडमध्ये गुलामांनी उठाव केला तर तो मोडायला माझी फौज देतो असं बटलरनं तिथल्या गव्हर्नरला कळवलं होतं. युद्धात त्याचं मत बदलत गेलं, आणि एकदा बदलल्यावर मागे फिरलं नाही.

गिरणीच्या चाकावर जप्ती आणल्याची गोष्ट खरी का? आपल्याकडे असं करता येईल? — एक वकील, सांगली

बटलरच्या चरित्रांत ही गोष्ट नेहमी येते. पार्श्वभूमी पक्की आहे: बाप त्याच्या लहानपणीच वेस्ट इंडीजमध्ये पिवळ्या तापानं गेला, आई १८२८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या कापडगिरण्यांच्या गावी आली आणि गिरणीत काम करणाऱ्या मुलींसाठी खानावळ-वसतिगृह चालवू लागली. बटलरनं १८४० मध्ये वकिलीची सनद घेतली, तीही लोवेलमध्येच. त्याचे अशील गिरणीकामगार असायचे यात नवल नाही. कामाचे तास दहा करावेत या चळवळीतही तो होता.

गोष्ट अशी सांगतात. एका गिरणीकामगार मुलीचा पगार मालकानं अडवला. बटलरनं दावा लावला आणि जप्तीचं पत्र काढलं ते गिरणीच्या पाणचक्कीवर. पगाराची रक्कम किरकोळ, पण चाक थांबलं की त्याच्या पट्ट्यावर चालणारा प्रत्येक माग थांबणार. मालकानं पैसे भरले.

मॅसॅच्युसेट्समध्ये त्या काळी दावा दाखल करतानाच, निकालाची वाट न पाहता, प्रतिवादीची मालमत्ता अडकवता येत असे. कारण दाखवायची गरज जवळजवळ नव्हती. म्हणूनच हा डाव बसला. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८, नियम ५ खाली निकालाआधी जप्ती मागता येते, पण प्रतिवादी हुकूमनामा निष्फळ करण्याच्या हेतूनं मालमत्ता विकतोय किंवा हलवतोय हे न्यायालयाला पटवावं लागतं. शिवाय प्रतिवादीला आधी तारण देण्याची किंवा कारण दाखवण्याची संधी मिळते. नुसती ‘पैसे थकवलेत’ ही तक्रार पुरत नाही. चालू कारखान्याचं मुख्य यंत्र किरकोळ रकमेसाठी अडकवायचा अर्ज तर इथे टिकणं अवघड.

न्यू ऑर्लिन्समध्ये त्यानं पिवळा ताप थोपवला असं वाचलं. डासांचं ज्ञान नसताना कसं जमलं? — एक परिचारिका, मिरज

हा प्रश्न आम्हाला फार आवडला, कारण इथे उपाय बरोबर आणि कारण चूक असा प्रकार आहे. १८५३ च्या साथीत न्यू ऑर्लिन्स या दक्षिणेतल्या बंदरात सुमारे आठ हजार माणसं दगावली होती. १ मे १८६२ ला बटलर फौज घेऊन शहरात उतरला. उत्तरेकडून आलेल्या सैनिकांना या तापाची प्रतिकारशक्ती नव्हती, आणि उन्हाळ्यात ताप आपलं काम करील अशी आशा शहरातले लोक उघडपणे बोलून दाखवत.

बटलरनं दोन गोष्टी केल्या. मिसिसिपीच्या मुखाकडे, शहराच्या खाली बऱ्याच अंतरावर, जहाजं अडवली. साथ असलेल्या बंदरातून आलेलं जहाज ४० दिवस तिथेच थांबायचं. दुसरी गोष्ट सफाई: बेकार गरिबांना रोजंदारीवर लावून रस्ते, गटारं, बाजार, कालवे साफ करून घेतले. या मजुरीचा आणि अन्नवाटपाचा बराच खर्च त्यानं शहरातल्या धनिकांकडून काढला. बंडखोरांच्या बाजूनं शहर लढवायला ज्यांनी साडेबारा लाख डॉलरच्या निधीत वर्गणी दिली होती, त्यांचीच यादी घेऊन त्या प्रमाणात पट्टी बसवली. सरकारविरुद्ध लढायला इतके पैसे होते, तर आपल्याच गावच्या भुकेल्यांसाठीही असतील, असा त्याचा हिशेब. इथेही त्यांचीच वर्गणीची यादी त्यांच्याविरुद्ध पुरावा.

त्या वर्षी शहरात पिवळ्या तापानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मृत्यू झाले. बटलरला वाटलं, घाण गेली म्हणून ताप गेला. त्या काळचे डॉक्टरही तसंच मानत. पण हा ताप पसरवतो एडिस इजिप्ती डास, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणाराच. क्यूबाच्या कार्लोस फिनलेंनी १८८१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकानं ती सिद्ध केली. हा डास गटाराच्या घाणीत नव्हे, घराजवळच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. न्यू ऑर्लिन्समध्ये घरोघरी पावसाच्या पाण्याच्या लाकडी टाक्या होत्या, आणि बटलरच्या झाडूवाल्यांनी त्यांना हात लावला नाही.

मग काम केलं ते अडवलेल्या जहाजांनी. माणूस आजारी पडल्यावर त्याच्या रक्तातून डासाला विषाणू मिळतो तो पहिले काही दिवसच. डासाच्या अंगात तो पिकून पुढे चावण्याजोगा व्हायला साधारण दीड-दोन आठवडे लागतात. ४० दिवसांत जहाजावरचा आजार एक तर उघड होतो किंवा विझतो. शहरात डास होते, त्यांना द्यायला विषाणू आला नाही. नाविक नाकेबंदीमुळे बाहेरची जहाजं मुळातच कमी झाली होती, त्याचाही हातभार लागला.

महापुरानंतर आपल्याकडे गाळ उपसला, गटारं धुतली, फवारणी झाली, तरी डेंग्यू का येतो, याचं उत्तर यातच आहे. गाळ काढलाच पाहिजे, त्यानं दुसरे आजार टळतात. एडिससाठी मात्र आठवड्यातून एकदा पिंप, रांजण, हौद रिकामा करून आतली बाजू घासायची, कारण अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं तर ती तशीच राहतात. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, टायर, कुंडीखालची बशी हेही त्याच दिवशी.

स्त्रियांविरुद्धचा त्याचा हुकूम काय होता? आणि चांदीचे चमचे चोरल्याचं? — वाई

हुकूम क्रमांक २८, तारीख १५ मे १८६२. शहरातल्या स्त्रिया सैनिकांचा जाहीर अपमान करत, त्यांच्यावर थुंकण्यापर्यंत मजल जाई. हुकूम असा की यापुढे सैनिकाचा असा अपमान करणारी स्त्री धंदा करणारी बाई समजली जाईल आणि तिला त्याप्रमाणे वागवलं जाईल. अपमान थांबले. पण ब्रिटिश पंतप्रधान पामर्स्टन यांनी पार्लमेंटमध्ये निषेध केला, दक्षिणेत त्याला ‘पशू’ हे नाव पडलं, आणि वर्षअखेरीस डेव्हिसनं त्याला गुन्हेगार जाहीर करून सापडेल तिथे फाशी द्यायचा हुकूम काढला. आमच्या मते हुकूम वाईटच होता. सैनिकांच्या हाती त्यानं एक घातक सबब दिली. ती वापरली गेली नाही हे शिस्तीचं श्रेय, हुकमाचं नव्हे.

चमच्यांची गोष्ट कार्टूनवाल्यांनी मोठी केली. त्याचा भाऊ अँड्र्यू मात्र त्या शहरात व्यापार करून गबर झाला, आणि भाऊ सेनापती नसता तर ते जमलं नसतं. हा डाग चमच्यांपेक्षा मोठा आहे.

सेनापती म्हणून तो का अपयशी ठरला? बारुदानं भरलेलं जहाज उडवायचा प्रयोग नेमका कुठे चुकला? — निवृत्त सैनिक, खटाव

मे १८६४ मध्ये बटलरची फौज जेम्स आणि अॅपोमॅटॉक्स नद्यांच्या मधल्या बर्म्युडा हंड्रेड या चिंचोळ्या भूभागावर उतरली. बंडखोरांची राजधानी रिचमंड आणि पीटर्सबर्ग यांच्यामधली रेल्वे समोर होती, शत्रूची फौज तेव्हा थोडी होती. बटलर दहा-अकरा दिवस चाचपडला. १६ मेला ड्रूरीज ब्लफपाशी बंडखोर सेनापती बोरगार्डनं त्याला मागे रेटलं आणि भूभागाच्या मानेवर खंदक खणून बसला. केंद्राच्या फौजांचा सरसेनापती ग्रँट याच्या अहवालात उपमा आली ती बूच घट्ट बसवलेल्या बाटलीची. नद्यांमुळे बटलर सुरक्षित होता, पण थोड्या माणसांनी त्याची मोठी फौज कोंडून ठेवली.

जहाजाचा प्रयोग डिसेंबर १८६४ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट फिशरवर. कल्पना बटलरची होती: ‘लुइझियाना’ या जुन्या जहाजात २१५ टन बारूद भरायची, किल्ल्याच्या जवळ नेऊन उडवायची आणि हादऱ्यानं तट पाडायचा. चुका एकावर एक झाल्या. पहिली, किल्ला दगडी नव्हता, वाळू-मातीचा होता. वाळू हादरा गिळते. दुसरी, जहाज ठरल्यापेक्षा लांब राहिलं. तिसरी, उघड्या हवेत, पाण्यावर तरंगत उडवलेल्या बारुदीचा जोर वर आणि चहूकडे जातो. सुरुंग लावणाऱ्याला हे ठाऊक असतं: भोकात बारूद घातल्यावर वर मातीनं ठासून तोंड बंद केलं नाही तर खडक फुटत नाही, नुसता आवाज होतो. चौथी, घड्याळाची यंत्रं ठरलेल्या वेळी पेटलीच नाहीत. खबरदारी म्हणून जहाजात लावलेल्या आगीनं २४ डिसेंबरच्या पहाटे स्फोट झाला, तोही एकदम नव्हे. बारूद भागाभागानं उडाली. किल्ल्याचं काही बिघडलं नाही.

शिवाय ताळमेळ नव्हता. वादळामुळे आणि कोळसा-पाणी भरायला बटलरची वाहतुकीची जहाजं मागे गेली होती. नौदलाच्या पोर्टरनं त्यांची वाट न पाहता जहाज उडवलं. नाताळच्या दिवशी दोन-सव्वादोन हजार माणसं किनाऱ्यावर उतरली, बटलरनं किल्ला अभेद्य ठरवून त्यांना परत बोलावलं. ग्रँटचा आदेश होता की पाय रोवता आला तर वेढा घालून बसा. या अवज्ञेवरून जानेवारी १८६५ मध्ये त्याला पदावरून काढलं. १५ जानेवारीला जनरल टेरीच्या फौजेनं तोच किल्ला घेतला. ती बातमी आली तेव्हा बटलर काँग्रेसच्या समितीपुढे किल्ला घेणं कसं अशक्य होतं हे सांगत होता.

एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा करायला हवी. २९ सप्टेंबर १८६४ ला न्यू मार्केट हाइट्सवर त्याच्या कृष्णवर्णीय पलटणींनी हल्ला करून मोर्चा घेतला, आणि त्या लढाईसाठी १४ कृष्णवर्णीय सैनिकांना मेडल ऑफ ऑनर हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. शिवाय बटलरनं पदरच्या पैशांनी चांदीचं एक वेगळं पदक पाडून त्यांना दिलं. त्यावर तट चढून जाणारे कृष्णवर्णीय सैनिक कोरले आहेत आणि लॅटिनमध्ये मजकूर आहे की तलवारीनं त्यांना स्वातंत्र्य मिळेल.

जोतीराव फुल्यांचा या इतिहासाशी संबंध कसा? — कटगुणजवळच्या गावातले शिक्षक

जोतीरावांनी १८७३ चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामगिरीच्या प्रश्नात त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. त्यात कोणा सेनापतीचं वा पुढाऱ्याचं नाव नाही, आणि बटलरचं नाव घुसवण्याचा प्रयत्न वर्गात कोणी करू नये. मुलांना तारखा मात्र शेजारी लिहून दाखवा: अमेरिकेत गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५, पुस्तक १८७३. आठ वर्षांत ती बातमी पुण्यात एका मोठ्या युक्तिवादाचा आधार झाली होती. त्याच युद्धामुळे अमेरिकी कापूस अडला, मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं गेला आणि १८६५ मध्ये बाजार कोसळला, हेही त्याच फळ्यावर येऊ द्या.

युद्धानंतर त्यानं केलेल्या कायद्यांपैकी आज काही शिल्लक आहे? — एक वकील, सातारा

१८६७ नंतर तो काँग्रेसमध्ये रिपब्लिकन म्हणून बसला. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवरच्या महाभियोगात फिर्यादीचं सुरुवातीचं भाषण त्याचंच. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मतं पडली, दोनतृतीयांशाला एक मत कमी पडलं. १८७५ चा नागरी हक्क कायदा त्यानं सभागृहातून पुढे रेटला: खाणावळी, वाहनं, नाट्यगृहं यांत वर्णावरून भेद करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं १८८३ मध्ये तो रद्द केला. कारण दिलं की कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसाला नाही. त्या वर्षी बटलर मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता, आणि जॉर्ज रफिन यांना नेमून त्यानं राज्याला पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश दिला.

शिल्लक आहे ते १८७१ च्या कायद्याचं पहिलं कलम. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेच्या दहशतीविरुद्धचा पहिला मसुदा बटलरनं आणला होता, तो पास झाला नाही. ओहायोच्या शेलाबर्गर यांचा मसुदा २० एप्रिल १८७१ ला कायदा झाला. त्याचं पहिलं कलम आज अमेरिकी संहितेच्या ४२ व्या भागात १९८३ क्रमांकानं आहे: राज्याच्या अधिकाराच्या आडून कोणी घटनात्मक हक्क हिरावला तर त्या व्यक्तीवर सरळ नुकसानभरपाईचा दावा. ते जवळजवळ नव्वद वर्षं पडून होतं. १९६१ मध्ये ‘मन्रो विरुद्ध पेप’ खटल्यात, शिकागोच्या पोलिसांनी वॉरंटशिवाय घरात घुसून झडती घेतल्याच्या तक्रारीवर, सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा जिवंत केलं. पोलिसी अत्याचाराचे तिथले बहुतेक दिवाणी दावे आज याच कलमाखाली चालतात.